अंतर्गत पुरावा

संहितेच्या चिकित्सेत बाह्य खुणांपेक्षा अंतर्गत पुराव्याला महत्त्व का द्यायचे, हे मला इंग्लंडातल्या १९७२ सालच्या एका एमजीबीने नीट पटवले. गाडी शेजारच्या बाईंच्या दिवंगत यजमानांची. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येऊ लागला, तेव्हा ‘इंजिन गेले, भंगारात काढा’ असा सल्ला त्यांना मिळाला होता. ऑइलच्या झाकणाखालची दुधाळ साय हा यातला सर्वांत प्रसिद्ध आणि (माझ्या मते) सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार. थंडीत गाडी थोडीथोडीच फिरवली तरी ती जमते. म्हणून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजले. पहिला-चौथा ठीक, मधले दोन्ही सारखेच ढासळलेले. असे शेजारी एकदम पडले, की त्यांच्यामधल्या गॅस्केटच्या अरुंद पट्टीवर संशय जातो. हेड उचलल्यावर तिथेच काळी रेघ दिसली, तिचा एक फाटा पाण्याच्या वाटेकडे गेलेला. बिडाचे हेड मात्र वाकलेले नव्हते. नवे गॅस्केट बसवून नट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले आणि व्हॉल्व्हची फट पुन्हा जुळवली.

गाडी धूर न सोडता सुरू झाली. बाई सवयीने डावीकडच्या आसनावर जाऊन बसल्या होत्या. मी खाली उतरलो आणि उजवीकडचे दार त्यांच्यासाठी उघडे ठेवले.