‘निर्विवाद’ या विशेषणाविषयी

मुष्टियुद्धाच्या बातम्यांत ‘निर्विवाद’ हे विशेषण इतके का लागते, असा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याला पडायला हरकत नाही. विंबल्डनचा विजेता निर्विवाद विजेता नसतो. तो नुसता विजेता असतो आणि तेवढे पुरते. हेवीवेट गटाच्या जगज्जेत्याला मात्र हे विशेषण वेगळे कमवावे लागते, आणि कमावले तरी ते त्याच्यापाशी फार काळ टिकत नाही. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सान्द्र उसिकने टायसन फ्युरीला गुणांवर हरवले आणि चारही प्रमुख संघटनांचे पट्टे एकट्याच्या खांद्यावर घेतले. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनॉक्स लुईसने इव्हांडर होलिफील्डला हरवले होते, त्यानंतर या गटात ‘निर्विवाद’ म्हणावा असा जगज्जेता झालाच नव्हता. जवळजवळ पाव शतकाच्या प्रतीक्षेनंतर आलेली ही एकछत्री सत्ता दीड महिनाही टिकली नाही. एका संघटनेने नेमून दिलेल्या आव्हानवीराऐवजी उसिकला फ्युरीशीच पुन्हा लढायचे होते, म्हणून त्याने तो पट्टा सोडला. पुढे १९ जुलै २०२५ रोजी वेम्बलीवर डॅनिएल दुब्वाला पाचव्या फेरीत बाद करून त्याने चारही पट्टे पुन्हा जमवले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांतला आणखी एक सोडून दिला. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर येथे नामाचे वजन कमी झाले आहे आणि ते भरून काढण्याचे काम विशेषणावर पडले आहे.

हे कसे झाले, याचा हिशेब सोपा आहे. १९२१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या संघटनेने १९६२ मध्ये ‘जागतिक’ नाव धारण केले. १९६३ मध्ये दुसरी आली, १९८३ मध्ये तिसरी, १९८८ मध्ये चौथी. जगज्जेतेपदाच्या प्रत्येक लढतीमागे संघटनेला मानधनातला वाटा मिळतो. तेव्हा जितकी जेतेपदे अधिक तितकी मिळकत अधिक, हे ओघानेच आले. मग ‘हंगामी’ जगज्जेता, ‘सुपर’ जगज्जेता, ‘नियमित’ जगज्जेता अशी पिलावळ वाढत गेली. आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीच्या दोन वेगवेगळ्या स्पर्धा भरल्या, एक फुलगावला आणि एक धाराशिवला, तेव्हा कुस्तीच्या चाहत्यांना जी चीड आली होती, ती हेवीवेटच्या चाहत्यांनी कित्येक दशके गिळली आहे.

तथापि पट्ट्यांची वाटणी हे दुखण्याचे बाह्य लक्षण झाले. आम्हांला कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. जेता एकच होता तेव्हा तो नेमका कशाचा जेता होता?

या प्रश्नाचे उत्तर क्रीडासमीक्षकांपेक्षा लेखकांकडे अधिक सापडते. विल्यम हॅझलिटने १८२२ मध्ये ‘द फाइट’ हा निबंध लिहिला, तेव्हापासून इंग्रजी गद्य या खेळाभोवती घोटाळत आले आहे. जॅक लंडन १९०८ च्या डिसेंबरात सिडनीत वृत्तपत्रासाठी हजर होता, जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता होताना त्याने पाहिला, आणि निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजने परत येऊन गोऱ्यांची लाज राखावी असे आवाहन त्याने लिहून धाडले. जेफ्रीज परतला. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला हरवले, आणि त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसे मेली. एका मोठ्या लेखकाची लेखणी किती लहान होऊ शकते याचे हे उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पण त्याहून महत्त्वाचे हे, की दोन माणसांच्या मारामारीच्या निकालावर लोक एकमेकांच्या जिवावर उठले. २२ जून १९३८ रोजी यांकी स्टेडियमवर जो लुईने जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे चार सेकंदांत संपवले, तेव्हा ते युद्धापूर्वीचे युद्ध समजले गेले. श्मेलिंग नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, त्याचा व्यवस्थापक ज्यू होता. पण प्रतीकाला चरित्राशी कर्तव्य नसते. माया अँजेलोच्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात आर्कान्सातल्या खेड्यातल्या दुकानात रेडिओभोवती जमलेली कृष्णवर्णीय माणसे लुईची लढत ऐकतात, तो प्रसंग ज्यांनी वाचला आहे त्यांना अधिक सांगायला नको. त्या दुकानात कोणी ‘निर्विवाद’ हा शब्द वापरला नसता. त्याची गरजच नव्हती.

जॉइस कॅरल ओट्स हिने १९८७ च्या आपल्या पुस्तकात मुष्टियुद्ध हे दुसऱ्या कशाचे रूपक मानायला नकार दिला आहे. तिच्या विवेचनाची सूक्ष्मता मान्य करूनही आम्हांला वाटते की हेवीवेटपुरते तरी हे खरे नाही. हलक्या वजनाचे योद्धे बहुधा अधिक चपळ, अधिक कलावंत असतात. जाणकार त्यांनाच पसंती देतात. तरीही जेम्स बाल्डविन १९६२ मध्ये शिकागोला गेला तो फ्लॉइड पॅटरसन आणि सनी लिस्टन यांच्यासाठी, आणि नॉर्मन मेलर १९७४ मध्ये किन्शासाला गेला तो मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्यासाठी. ‘जगातला सर्वांत बलवान माणूस’ ही कल्पना मुळात महाकाव्याची आहे. तिला वजनाची वरची मर्यादा चालत नाही, आणि दुसरा वाटेकरीही चालत नाही. चार भीम असलेले महाभारत कोण ऐकेल?

येथवर लिहिले ते एखाद्या विलापिकेसारखे होऊ लागले आहे, आणि याबाबतीत सावध असायला हवे. कारण हेवीवेटच्या ऱ्हासाचा विलाप हा स्वतःच एक जुना, सुस्थापित साहित्यप्रकार आहे. १९५० च्या दशकात ए. जे. लीबलिंग तक्रार करीत होता की दूरचित्रवाणीमुळे गल्लीबोळांतली छोटी क्लबे बंद पडत आहेत आणि नवे मुष्टियोद्धे धंदा शिकणार कोठे. रॉकी मार्सियानो एकोणपन्नास लढती जिंकून, एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झाला. पण त्याने हरवलेला लुई सदतीस वर्षांचा होता, हे त्याला सतत ऐकावे लागले. लॅरी होम्सने १९७८ पासून सात वर्षे जेतेपद राखले आणि ती सातही वर्षे ‘हा अली नव्हे’ असे ऐकण्यात घालवली. प्रत्येक पिढीचा सुवर्णकाळ तिच्या जन्माआधी संपलेला असतो. मराठी कवितेविषयी आपल्या वर्तुळात जे बोलले जाते त्याहून हे फार वेगळे नाही.

आमच्या पिढीला हा खेळ कळला तो माईक टायसनच्या नावाने. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकिओत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत पाडले, तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि डग्लस हे नाव त्यापूर्वी ऐकले नव्हते; त्यानंतरही फारसे ऐकले नाही. १९९७ मध्ये त्याने होलिफील्डचा कान चावला, तेव्हा एकही लढत न पाहिलेल्या घरांतून त्याची चर्चा झाली. अलीकडे आम्ही नंतर, पुस्तकांतून, उलट्या दिशेने गेलो. टायसनचा उल्लेख अशासाठी, की तो दिग्विजयी होता तो जेमतेम साडेतीन वर्षे. पण त्याचे नाव आजही रिक्षावाल्याला ठाऊक आहे. उलट व्लादिमिर क्लिच्को २००६ ते २०१५ अशी सलग नऊ वर्षे अजिंक्य राहिला, आणि त्याचे नाव आमच्या वर्गात कोणाला सांगता आले नाही.

क्लिच्को बंधूंचे प्रकरण थांबून पाहण्याजोगे आहे. दोघेही साडेसहा फुटांच्या आसपास, दोघांनीही क्रीडाशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. थोरला विताली २०१४ मध्ये कीवचा महापौर झाला. आईला वचन दिले म्हणून ते परस्परांशी कधी लढले नाहीत. त्यामुळे अनेक वर्षे जगज्जेतेपद एका घरात राहूनही दोघांत अव्वल कोण हा प्रश्न अनुत्तरित राहिला. व्लादिमिरची पद्धत अशी: लांब डावा हात पुढे धरायचा, त्याने प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवायचे, तो जवळ आलाच तर मिठी मारून त्याच्यावर भार टाकायचा, आणि दमल्यावर उजवा ठोसा. हे परिणामकारक होते. ते पाहणे कंटाळवाणे होते असे म्हणतात, आणि आम्हीही काही लढती अर्ध्यात बंद केल्या आहेत. पण जर्मनीत त्याच लढतींना स्टेडियमे भरत होती, दूरचित्रवाणीवर एक कोटीहून अधिक लोक त्या पाहत होते. म्हणजे ऱ्हास झाला असे जे जगभर छापून आले, ते बऱ्याच अंशी अमेरिकेचे दुःख होते. १९८८ मध्ये रे मर्सरने ऑलिंपिकच्या हेवीवेट गटात सुवर्ण मिळवले, त्यानंतर वरच्या दोन वजनगटांत अमेरिकन पुरुषाला ते मिळाले नाही. धिप्पाड अमेरिकन मुलगा आता फुटबॉलकडे किंवा बास्केटबॉलकडे जातो. तेथे शिष्यवृत्ती मिळते, पगार ठरलेला असतो, आणि डोक्याला ठोसे खाणे हा खेळाचा हेतू नसतो.

प्रेक्षकही पांगले. लुईने १९४१ या एका वर्षात सात वेळा जेतेपद पणाला लावले; आजचा जेता वर्षातून एकदा, फार तर दोनदा लढतो, आणि ती लढत पाहायला वेगळे पैसे मोजावे लागतात. फ्युरी आणि अँथनी जोशुआ हे दोघे ब्रिटिश ऐन भरात असताना त्यांची गाठ पडावी असे सगळ्यांना वाटत होते. ती तेव्हा पडली नाही. करार, लवाद, प्रक्षेपणाचे हक्क यांत वर्षे गेली. कथेला नायक असला तरी तिला एकाच वेळी ऐकणारा समुदाय लागतो. उसिकपाशी नायकाला लागणारे सगळे आहे. तो मुळात खालच्या वजनगटातला, डावखुरा. २०२२ मध्ये देशावर आक्रमण झाले तेव्हा संरक्षण दलात भरती झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये जेद्दाला जाऊन जोशुआला दुसऱ्यांदा हरवून आला. लुईच्या काळात यावर गाणी झाली असती.

आणि तरीही ‘एक तेजस्वी, सर्वांवर मात करणारा तारा पुन्हा उगवावा’ ही इच्छा उच्चारताना आमची जीभ अडखळते. वाचक म्हणून ती आमची हाव आहे, आणि तिची किंमत वाचकाने कधी दिलेली नाही. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लास वेगासमधल्या लढतीनंतर मरण पावला, त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. तो हलक्या वजनाचा होता. हेवीवेटमध्ये जेरी क्वॉरी त्रेपन्नाव्या वर्षी गेला, तत्पूर्वी त्याला स्वतःचे बूट घालता येत नव्हते. २०१३ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढलेला मागोमेद अब्दुसलामोव्ह मेंदूतल्या रक्तस्रावाने कायमचा अपंग झाला. आम्ही शोकात्मिका शिकवतो. तिच्यातला नायक पडदा पडल्यावर उठून घरी जातो.

२ ऑक्टोबर १९८० रोजी लास वेगासमध्ये अडतीस वर्षांचा अली होम्ससमोर उभा राहिला. होम्स त्याचा जुना सरावातला साथीदार. अलीच्या हातून काहीच होत नव्हते, आणि होम्स पंचाकडे पाहून लढत थांबवण्याची खूण करीत होता. दहाव्या फेरीनंतर अँजेलो डंडीने आपल्या माणसाला परत पाठवायला नकार दिला. जिंकलेला होम्स नंतर रडला. तरी अलीचे नाव अजून विकले जात होते. चौदा महिन्यांनी बहामात तो ट्रेव्हर बर्बिकशी आणखी एकदा लढला. आयोजकांकडे मुष्टियुद्धाची घंटासुद्धा नव्हती. गायीच्या गळ्यातली घंटा आणून फेऱ्या सुरू केल्या आणि संपवल्या.