वाकळेसाठी कापड घेताना

पूर्वी वाकळ शिवायची म्हणजे दुकानात जायचे कामच पडत नसे. बायकांची सुती लुगडी, जुन्या चादरी, मुलांचे कुडते धुऊन ठेवलेले असत. थरावर थर टाकून धावदोरा घातला की झाली वाकळ. आता पेटी उघडली तर हाती लागतात नायलॉनच्या साड्या आणि जॉर्जेटचे ड्रेस. अंगावर पांघरायला यातले काहीच उपयोगाचे नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी वाकळेसाठी पहिल्यांदाच कापड विकत घ्यायचे ठरले. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. तिला ब्लँकेट नको होते, घरची वाकळ हवी होती.

कराडच्या बाजारपेठेत पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. मुलीने पाहताक्षणी सोफ्याचे मखमली कापड उचलले. रंग खरोखरच सुरेख होता. मी म्हटले, "घेण्याआधी शिवणाऱ्या खालांना दाखवू." दुकानदाराने वीतभर नमुना कापून दिला.

आमच्या मोहल्ल्यातल्या या खाला विधवा आहेत, वाकळा शिवून घर चालवतात. त्यांना एका वाकळेमागे ठरलेली मजुरी मिळते. दिवस किती लागले, ते कोणी विचारत नाही. त्यांनी नमुना दुमडला, आत चादरीचा तुकडा घातला आणि सुई टोचली. सुई अर्ध्यावर अडली. "सुई नै जाती इसमें, बेटा," त्या मुलीला म्हणाल्या आणि बोट पुढे केले. त्यावर जुन्या भेगा होत्या. "शिवून देईन मी. पण दोन आठवड्यांचे चार होतील." जास्त मजुरीचा शब्द मात्र त्यांनी काढला नाही. मुलीने नमुना मुकाट्याने पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो, ते नीट पारखून घ्यायचे ठरवूनच. पडद्याचे साधे सुती कापड वाकळेला चांगले. ज्याच्या पाठीवर ऊन अडवणारा लेप असतो ते घेऊ नये. त्यातून हवा खेळत नाही आणि सुईची भोके तशीच राहतात. सूत ओळखायचे तर चार धागे काढून घरी जपून जाळून पाहावेत. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ओला पांढरा रुमाल घासला की रंग जातो का तेही कळते. शिवण्याआधी कापड एकदा धुऊन घ्यावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटते.

पडद्याच्या कापडाचा पन्हा बहुधा 48 इंच असतो. 60 बाय 90 इंचांच्या वाकळेला एका बाजूसाठी 60 इंचांचे दोन तुकडे जोडावे लागतात, म्हणजे आटणे धरून सव्वातीन मीटर. दोन्ही बाजूंना साडेसहा मीटर लागले. आत घरातली जुनी सुती चादर घातली. दुकानदाराने नमुन्यांचे एक जुने पुस्तक फुकट दिले, त्यातल्या पातळ चौकोनांची ठिगळे वरच्या बाजूला आली.

कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका, त्यांत मुस्लिमही आहेत, अशाच वाकळा शिवतात. त्यांना कवंदी म्हणतात. कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने त्या मध्यापर्यंत येतात. त्यांच्या कवंद्या आज परदेशातल्या प्रदर्शनांतही मांडल्या जातात. आमच्या खालांचाही धावदोराच, पण गल्लीत तो "बसल्या बसल्या केलेले काम" ठरतो.

या वेळी मुलीनेच विषय काढला. "खाला, कापडाचे पैसे आम्ही मीटरवर मोजले, तुमचे दिवसांवर मोजू." त्या आधी नको म्हणाल्या, मग हसल्या. सोळा दिवस लागले. रोजचा हिशेब मुलीने स्वतःच्या पगारातून दिला, तोही वाकळ हातात येताच. आता शेजारच्या भाभींनी तिच्याकडे मजुरीची चौकशी केली आहे. तिने रोजचा दर सांगितला आणि कापड आणण्याआधी नमुना खालांना दाखवायलाही सांगितले.