चिखलाची बरणी

कीव येथे १८५६ साली जन्मलेल्या सर्गेई विनोग्राड्स्कीने आधी कायद्याचा अभ्यास सोडला, मग पियानोचा. अखेरीस वनस्पतिशास्त्राकडे वळून १८८५ साली त्याने स्ट्रासबुर्ग गाठले. तेथे चिखलात व गंधकाच्या झऱ्यांत वाढणाऱ्या बेग्गियाटोआ नावाच्या धाग्यासारख्या जीवाणूवर त्याने दृष्टी खिळविली. कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारे हायड्रोजन सल्फाईडचे पाणी दिले की जीवाणूच्या अंगात गंधकाचे कण साठत. ते तोडले की कण नाहीसे होत. या वायूच्या ऑक्सिडीकरणातूनच हा जीव जगण्याचे बळ मिळवितो, असे त्याने १८८७ मध्ये मांडले. केवढी ही चिकाटी, आणि तीही चिखलापायी!

आमच्या पुतणीने हाच मार्ग धरला, तेव्हा घरात नाराजी पसरली. धर्मग्रामातील तिच्या बरोबरीच्या मुली परिचारिका होऊन परदेशी गेल्या, घराचे कर्ज फेडू लागल्या. वहिनींची चिंता खोटी नव्हे. शिष्यवृत्ती संपली की पुढे काय, हा प्रश्न रोज जेवताना पानाशी येऊन बसतो. तूर्त खिडकीत विनोग्राड्स्कीच्याच पद्धतीची काचेची बरणी उभी आहे. तिच्यात खाडीचा चिखल, कागदाचे कपटे, अंड्याचा बलक. तळाशी काळा थर धरला आहे, वर हिरवा. वहिनी खिडकीची धूळ पुसतात. बरणी मात्र हलवीत नाहीत.