बोटापासून रिमपर्यंत

जुनी माउंटन बाइक घेऊन येणारा माणूस बोलायला लागतो तो ब्रेकपासून. गिअर कुरकुरत असतात, सीट फाटलेली असते, टायर गुळगुळीत झालेले असतात, पण त्याचं त्याला काही वाटत नाही. उतारावर ब्रेक दाबल्यापासून सायकल आवरेपर्यंत जीव टांगणीला लागतो, ते तेवढं त्याच्या लक्षात राहिलेलं असतं. ‘चांगले ब्रेक बसवा,’ म्हणून तो मोकळा होतो. चांगले म्हणजे कोणते, ते ठरवणं माझ्याकडे. स्टुटगार्टमध्ये सायकलदुरुस्ती करताना मला सगळ्यात आवडतं ते हे ठरवणंच, कारण त्यासाठी आधी सायकल नीट बघावी लागते.

हल्ली बहुतेक ठिकाणी सायकल बघायच्या आधीच उत्तर तयार असतं: डिस्क. डिस्क ब्रेकविषयी माझी काही तक्रार नाही. पावसाचिखलात त्याच्याइतका भरवशाचा ब्रेक दुसरा नाही. चाक थोडं आऊट झालं तरी तो घासत नाही, आणि रिमही झिजत नाही. नवी सायकल घेणाऱ्याला मी डिस्कचीच घ्यायला सांगतो. अडतं ते नव्वदच्या दशकातल्या सायकलींपाशी. पातळ नळ्यांची स्टीलची फ्रेम, 26 इंची चाकं, हाताने घासून साफ केलेले सांधे. इथल्या तळघरांमध्ये अशा सायकली अजून पुष्कळ आहेत. या फ्रेम्सवर डिस्कचा कॅलिपर बसवायला जागाच नसते. मागच्या नळीवर एखादी पट्टी वेल्ड करून घ्यावी म्हटलं, तर ती नळी त्या जागी तसला ताण सोसायला बनवलेलीच नाही. पुढे डिस्क हवी तर चिमटा बदला, मग हब बदला, त्या हबवर चाकं नव्याने बांधून घ्या. एवढं केल्यावर त्या सायकलीतलं तिचं स्वतःचं काय उरलं, ते शोधावं लागतं.

अशा सायकलींसाठी मी जो ब्रेक सुचवतो तो इथलाच. स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिश आल्बच्या कड्याखाली बाड उराख नावाचं लहानसं गाव आहे. गुस्ताव मागेनविर्ट यांनी 1893 मध्ये काढलेली मागुरा ही कंपनी तिथली. मोटरसायकलचे लिव्हर आणि हँडलवरचे इतर भाग बनवणाऱ्या या कंपनीने 1987 मध्ये सायकलसाठी ‘हायड्रो-स्टॉप’ नावाचा तेलावर चालणारा रिम ब्रेक बाजारात आणला. त्या वेळी माउंटन बाइकवर बहुतेक वायरचे कँटिलिव्हर ब्रेक असायचे. शिमानोचा व्ही-ब्रेक यायला 1996 उजाडलं. नव्वदच्या दशकात मागुराचाच एचएस 33 आला, त्यातला पिवळ्याधमक रंगाचा तर अजून लोक हौसेने जपून ठेवतात. फ्रेमवर आणि चिमट्यावर वायरच्या ब्रेकसाठी जे दोन दोन खुंट असतात, त्यांच्यावरच हा बसतो. फ्रेमला कुठेही भोक नाही, वेल्डिंग नाही.

पुण्याहून इथे शिकायला आलेला एक मुलगा अशीच जुनी स्टीलची सायकल घेऊन आला होता.

‘काका, डिस्कच बसवू या ना. पैसे साठवलेत मी.’

‘पैशाचं नंतर बघू. आधी मला सांग, या सायकलवर सगळ्यात मोठी डिस्क कुठली?’

तो माझ्याकडे बघत राहिला. मी चाक फिरवलं आणि रिमच्या कडेला बोट लावलं.

यात कोडं घालण्यासारखं काही नाही, साधा हिशेब आहे. 160 मिलिमीटरच्या डिस्कला ब्रेक पकडतो तो चाकाच्या मध्यापासून साधारण 7 ते साडेसात सेंटिमीटरवर. 26 इंची चाकाची रिम मध्यापासून जवळजवळ 28 सेंटिमीटरवर असते. घर्षण सारखंच धरलं, तर चाक तेवढंच आवरायला डिस्कला साडेतीन पटींहून जास्त जोराने आवळावं लागतं. डिस्कच्या कॅलिपरमध्ये ती ताकद असते, म्हणून तो उत्तम चालतो. पण रिमला मुळात एवढ्या ताकदीची गरजच नसते. तिला कमी जोर पुरतो, फक्त तो वाटेत गळता कामा नये.

वायरच्या ब्रेकमध्ये तो गळतो. वायर तिच्या नळीत घासते, वळणावर जास्तच घासते, पाणी आणि धूळ आत गेली की आणखी घासते. जोराने ओढली की वायर किंचित ताणते आणि बाहेरची नळी किंचित दबते. मागच्या ब्रेकची वाट लांब, म्हणून तिथे हे सगळं वाढतं. बोटाने लावलेला जोर असा थोडा थोडा वाटेतच मुरतो. तेलाच्या नळीत तसं होत नाही. तेल दबत नाही, त्यामुळे लिव्हरमधल्या पिस्टनने ढकललेलं तेल तितकंच्या तितकं खालच्या दोन सिलिंडरांत पोहोचतं. चाकाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, आणि दोन्ही एका छोट्या नळीने जोडलेले. आत माती जायला वाट नाही, गंजायला काही नाही. व्ही-ब्रेकचे हात गोलाईत फिरतात, त्यामुळे रबर झिजलं की त्याची टेकायची जागा सरकते. इथे पिस्टन सरळ रेषेत पुढे येतात आणि रबर रोज त्याच जागी रिमवर टेकतं.

पण या ब्रेकने नेमकं काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मी ताकदीचं नाव पहिलं घेत नाही. नीट जुळवलेला व्ही-ब्रेकसुद्धा चाक जागच्या जागी जाम करतो. जाम झालेलं चाक घसरतं, आणि घसरणाऱ्या चाकाने सायकल वळत नाही. उतारावर हवी असते ती जाम होण्याच्या अगदी अलीकडची जागा. तिथे पोहोचणं आणि तिथेच टिकून राहणं, हे ब्रेक लावणाऱ्याचं कसब. त्यासाठी रिमवर काय चाललंय ते बोटाला कळलं पाहिजे. उंच गेलेल्या पतंगाची ओढ मांजातून बोटांना कळते, तसं या तेलाच्या नळीतून खालचं सगळं कळतं. रिमचा सांधा रबराखालून गेला तर तो टिचका लागतो. एका बाजूला ओल आहे की नाही, तेही हळूहळू ओळखता येतं. एका बोटाने हे साधतं आणि उरलेली बोटं हँडलवर घट्ट राहतात. लांब उतारावर हात न आखडणं म्हणजे काय, ते ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बाड उराखच्या वरच्या पठारावरून खाली यायला साधारण 300 मीटरची उतरण आहे. वाटेत चुनखडीचे दगड आणि त्यांवर बीचची ओली पानं. या राज्याच्या कायद्याने जंगलातल्या 2 मीटरपेक्षा अरुंद पायवाटांवर सायकल चालवायला बंदी आहे, म्हणून उतरायचं ते रुंद रस्त्यांनी. (हा नियम मला सरसकट लावण्यासारखा वाटत नाही, पण तो आहे आणि मी तो पाळतो.) रुंद रस्त्यावर वेग मात्र जास्त येतो. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक एकदम न दाबता ओल्या चुनखडीवर अलगद धरून ठेवायचा असतो. मला हा ब्रेक पटला तो या उतारांवर.

बसवताना मात्र घाई चालत नाही. रबर आणि रिम यांत दोन्ही बाजूंना सारखं, दोन-तीन मिलिमीटर अंतर हवं. चाक काढायचं झालं तर एका बाजूचा सिलिंडर झटक्यात सुटावा अशी कळ असते. ती कुठल्या बाजूला घ्यायची, ते आधी ठरवावं लागतं. नाहीतर फुगलेला टायर दोन रबरांमधून बाहेर येत नाही. आतली हवा काढणं हे माझं आवडतं काम. खालच्या सिलिंडरला निळ्या तेलाने भरलेली सिरिंज लावायची, वर लिव्हरला रिकामी. खालून अगदी सावकाश दाबलं की तेल नळीतून वर चढतं आणि हवेचे बुडबुडे त्याच्याबरोबर वरच्या सिरिंजमध्ये येऊन फुटतात. मधूनच थांबायचं, नळीला टिचक्या मारायच्या, लिव्हर थोडा वरखाली कलवायचा. कुठल्याशा वळणात दडून बसलेला एखादा बुडबुडा हमखास उशिराने येतो. तो आला नाही तर लिव्हर दाबताना मऊ लागतो, आणि त्या मऊपणात सगळी मेहनत जाते. इथे खनिज तेलच वापरायचं. मोटारीच्या ब्रेकचं डॉट तेल चुकूनही नाही, त्याने आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात. खनिज तेल हवेतला ओलावा ओढून घेत नाही, म्हणून एकदा नीट भरलेला ब्रेक पुष्कळ काळ बिनतक्रार चालतो. या ब्रेकला तेलाची वेगळी टाकी नसते. रबर झिजत जाईल तसा लिव्हर हँडलच्या जवळ यायला लागतो, की लिव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून तो पूर्ववत करायचा, बस्स.

त्या मुलाला मी आणखी एक गोष्ट दाखवली. ब्रेक बसवून झाल्यावर त्याला म्हटलं, ‘सीटखालून मागे उतरणाऱ्या त्या दोन नळ्यांवर अंगठा आणि बोट ठेव. आता मी ब्रेक दाबतो.’ मी लिव्हर दाबला आणि त्याने एकदम वर बघितलं. नळ्या बाहेरच्या बाजूला फाकत होत्या, डोळ्यांना दिसण्याइतक्या. दोन्ही सिलिंडर रिमवर जेवढा जोर लावतात, तेवढ्याच जोराने ते नळ्यांना बाहेर ढकलतात. पातळ स्टीलच्या फ्रेमवर बोटाचा बराचसा जोर या फाकण्यातच जातो. त्यासाठी दोन खुंटांना जोडणारी घोड्याच्या नालाच्या आकाराची एक पट्टी येते, तिला बूस्टर म्हणतात. ती लावली आणि पुन्हा ब्रेक दाबला. नळ्या जवळजवळ हलल्या नाहीत, लिव्हर अर्ध्या वाटेतच घट्ट झाला. सायकलीवर उड्या मारत खडकांवर चढणारे ट्रायल्सचे खेळाडू हा ब्रेक वर्षानुवर्षं वापरत आले आहेत, आणि त्यांच्या सायकलींवर हा बूस्टर हमखास दिसतो. ते तर रिमची कड ग्राइंडरने खरबरीत करून घेतात. रोजच्या सायकलीला तसं करू नये, रबर भराभर संपतं.

काही गोष्टी मात्र या ब्रेकच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, आणि त्या मी आधीच सांगतो. पुण्यात आम्ही ज्या काळ्या सायकली चालवल्या, त्यांना सळ्यांचे ब्रेक आणि क्रोम केलेल्या स्टीलच्या रिम. पावसाळ्यात त्या रिमवर रबर नुसतं घसरायचं, कितीही आवळा. ॲल्युमिनियमच्या रिमवर ते तेवढं होत नाही, पण ओल्या रिमला आधी पुसून काढावं लागतं आणि त्यात चाकाचा फेरा-दोन फेरे जातात. तेल असलं म्हणून पाण्यावरचं घर्षण वाढत नाही. शिवाय हा ब्रेक व्ही-ब्रेकपेक्षा जड आहे. चाक आऊट झालेलं असेल तर तो ते झाकत नाही, आधी आऊट काढावाच लागतो. हिवाळाभर बर्फाच्या राड्यातून रोज कामाला जाणाऱ्याला मी हा ब्रेक देत नाही. त्याला सरळ डिस्कची दुसरी सायकल घ्यायला सांगतो.

आणि रिम झिजते. स्टुटगार्ट आणि ट्यूबिंगेनच्या मधलं शॉनबुखचं जंगल ज्यावर उभं आहे, त्या खडकात एक पांढरट, भरड वालुकाश्म सापडतो. पूर्वी इथले लोक त्याची वाळू घरातल्या लाकडी जमिनी घासायला वापरायचे. पावसात तीच वाळू चिखलाबरोबर रबराला चिकटते आणि ब्रेक दाबला की ॲल्युमिनियम घासत बसते. कर्र आवाज आला की मी थांबतो, रबर सोडवतो आणि टाचणीने त्यातले चमकणारे कण आणि धातूचे कपचे उकरून काढतो. तेलाचा ब्रेक जोर न गाळता पोहोचवतो, म्हणजे त्या वाळूलाही तो न गाळताच मिळतो.

त्या मुलाच्या मागच्या रिमला कड आतल्या बाजूला खोलगट झालेली होती. मोजली तर भिंत एका ठिकाणी 1 मिलिमीटरहूनही पातळ. अशी भिंत टायरच्या हवेनेच एखाद्या दिवशी फाटून बाहेर येते, आणि ती फाटते नेमकी ब्रेक दाबलेला असताना, उतारावर. डिस्कसाठी साठवलेल्या पैशांतून आधी मागच्या चाकाला नवी रिम घेतली, मूळच्याच हबवर. मग ब्रेकची जोडी, मागे बूस्टर, आणि त्या रिमला चालणारे रबर. तरी पैसे उरले. ‘याचं काय करू?’ त्याने विचारलं. मी त्याला रबरांचा आणखी एक जोड आणि तेलाची छोटी बाटली घ्यायला सांगितली. नव्वदच्या दशकातल्या एचएस 33 लाही आजचे रबर बसतात, तेव्हा याच्या सुट्या भागांची काळजी त्याला इतक्यात करावी लागणार नाही.