वारेपलीकडे

२ जुलै
दोन सिझर. दोन्ही स्पायनल. दोन्ही बाळं लगेच रडली.

३ जुलै
सकाळची बाई कमरेत इंजेक्शन घ्यायला तयार नाही. "जन्मभर कंबर धरते म्हणतात. मला झोपवूनच करा." स्टूल ओढून बसले. सांगितलं, पूर्ण झोपवलं तर ते औषध रक्तातून वारेत, वारेतून बाळात. कमरेत देते ते दोन मिली, बाळापर्यंत नावापुरतंच पोचतं. तिनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "घे गं."

भूल चढली, वरचा दाब ८२. उजव्या कुशीखाली उशी, फेनिलेफ्रिन. मिनिटभरात ११०. या मिनिटाची मला अजून धास्ती वाटते. आईचा दाब पडला की वारेचं रक्त आटतं. पूर्वी इफेड्रिन द्यायचो. आईचा आकडा छान दिसायचा, पण ते वार ओलांडतं, बाळाच्या रक्तात आम्ल वाढवतं.

बाळ रडलं तेव्हा बाईनं मान वळवून ऐकलं. कमरेचं विसरली.

५ जुलै
पाऊस. पूल पाण्याखाली.

७ जुलै, पहाट
रात्री सव्वाला १०८ आली. पहिलटकरीण, घरी दोन झटके. दाब १८०/११०. प्लेटलेट ३८ हजार. कमरेत सुई घालायची नाही, मणक्यात रक्त साकळलं तर पाय जायचे. पूर्ण भूल.

बाळाच्या डॉक्टरांना आधी बोलावलं. पोट रंगवून, कापडं टाकून, मॅडम चाकू घेऊन उभ्या राहिल्या, मगच झोपवली. झोपेचं एकेक मिनिट बाळाच्याही खात्यावर. लॅबेटेलॉल, प्रोपोफॉल, नळी. फेंटानिल राखून ठेवलं, नाळ कापल्यावर दिलं. गर्भाशय उघडल्यापासून दोन मिनिटांत बाळ बाहेर.

रडलं नाही. लुळं. अपगार ३.

बॅग-मास्क. मला आईपाशीच उभं राहायचं होतं, पाठीमागे फक्त बॅगेचा आवाज. मग एक बारीक कण्हणं, मांजराचं पिल्लू असावं तसं. पाच मिनिटांना ७.

७ जुलै, रात्र
झोप नाही. अपगार गुण १९५३ साली प्रसिद्ध करणाऱ्या व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञच होत्या. माझ्यासारख्या आईच्या डोक्याशी उभ्या राहणाऱ्या. आज हे सारखं मनात येतंय.

व्हरांड्यात आजी भेटली. "मॅडम, भूल पोराला लागली का?" भूल होती. झटक्यांत प्राणवायू कमी पडला होता. झटक्यांसाठी दिलेलं मॅग्नेशियमही वारेतून जातं. कशाचं किती, कोण सांगणार? म्हटलं, "थोडी लागली असेल. ती उतरते."
बाकीचं बोलले नाही.

८ जुलै
बाळाकडे, नवजात कक्षात (एसएनसीयू) तीनदा गेले. वजन १९००. ऑक्सिजनवर. चोखत नाही.

९ जुलै
भूल एव्हाना उतरायला हवी. उतरलीच असणार. तरी चोखत नाही. मग?

१० जुलै
ऑक्सिजन काढला. हातपाय मारतो.

११ जुलै
वाटी-चमच्यानं आईचं दूध. १० मिली. आजीनं माझ्या हातावर साखर ठेवली.

१२ जुलै
आज त्याला छातीशी लावला. चोखतोय, दमतोय, पुन्हा चोखतोय. आईचा दाब १३०. मला म्हणाली, "पहिल्यांदा रडला तेव्हा तुम्ही होता ना?"
"होते."
"कसा रडला?"
सांगायला लागले, तर म्हणाली, "तसं नाही. करून दाखवा."
वॉर्ड भरलेला होता. करून दाखवला.