मेणाची डबी

गेल्या वर्षीच्या जून महिन्यात आमच्या कार्यालयातील एका बैठकीत एक लहानसा प्रसंग घडला. खर्चाच्या एका शीर्षावरून मी एका तरुण सहकाऱ्याला जरा खडसावूनच विचारीत होते. तो उत्तर देता देता एकाएकी थांबला, माझ्याकडे पाहू लागला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "मॅडम, हे आपण नंतर पाहू या का? आपल्याला बरं वाटत नसेल तर..."

मला अगदी उत्तम वाटत होते. बैठक आटोपल्यावर आरशात पाहिले तेव्हा उलगडा झाला. सकाळी रेखलेले काजळ आणि वरच्या पापणीवर लावलेला तपकिरी रंग, दोघांनीही आपापली जागा सोडली होती. रंग पापणीच्या घडीत जाऊन बसला होता, काजळ डोळ्यांखाली उतरले होते, आणि रात्रभर रडून आलेली बाई दिसावी तशी मी दिसत होते. माझे यजमान जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती आणि ही गोष्ट कार्यालयात सर्वांना ठाऊक होती. तो मुलगा सौजन्यानेच वागला, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या शीर्षाचा खुलासा मला पंधरा दिवस उशिरा मिळाला, हेही खरे.

परगावी, परभाषेत नोकरी करणाऱ्या माणसाला सहानुभूती पचवणे फार कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. आपल्या गावात कोणी 'काय गं, डोळे का असे?' म्हणून विचारले तर एका वाक्यात उत्तर देता येते. इथे तेच उत्तर तिसऱ्या भाषेत, योग्य तो हुद्दा सांभाळून द्यावे लागते. तेव्हा एक तर काजळ सोडायचे किंवा ते जागेवर ठेवण्याचा उपाय शोधायचा, असे दोनच मार्ग माझ्यापुढे उरले. काजळ मी एकदा सोडून पाहिले होते. त्याविषयी पुढे सांगेन.

कलकत्त्याची हवा (नाव २००१ साली बदलले, पण आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून कलकत्ताच येते) याला बरीच कारण आहे. जूनमध्ये इथे भिंतीसुद्धा घामाघूम होतात. परंतु सगळा दोष हवेच्या माथी मारणे बरे नव्हे. पंचविशीत याच शहरात मी पहिल्यांदा बदलून आले होते तेव्हा हेच काजळ संध्याकाळपर्यंत हलत नसे. बदलली होती ती पापणी. शरीरावरील सर्वांत पातळ कातडी पापणीची. तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, म्हणजे तासाला हजाराच्या आसपास घड्या पडतात आणि उलगडतात. साठीला टेकलेल्या माणसाने या हिशेबाने पापणीची किती वेळा उघडझाप केली असेल, हा आकडा मी एकदा काढायला घेतला आणि सोडून दिला. वय वाढते तशी कातडीला ताणून धरणारी द्रव्ये कमी होतात, तिची लवचीकता जाते आणि जास्तीची कातडी धुतलेल्या पडद्यासारखी खाली ओघळते. पापणीच्या कडेला तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथींची रांग असते. ते तेल अश्रू लवकर सुकू नयेत म्हणून निसर्गाने योजले आहे. निसर्गापुढे रंगाचा विचार नसावा.

पुण्याला असलेल्या माझ्या लेकीला मी दूरध्वनीवर ही हकीकत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "आई, प्रायमर लाव ना. रंगाच्या आधी लावतात ते."

तिने मला समजावून सांगितले. घराच्या भिंतीला रंग देण्यापूर्वी जसा पहिला हात देतात, तसाच हा पापणीचा पहिला हात. तो बारीक सुरकुत्या भरून काढतो, तेल वर येऊ देत नाही आणि वरचा रंग धरून ठेवतो. ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे वाईच्या आमच्या घरातील माजघर आणि आजीची फणेरपेटी उभी राहिली.

आजी रोज स्नान झाले की फणेरपेटी पुढे ओढी, झाकणातला आरसा तिरपा उभा करी आणि आतल्या एका चिमुकल्या डबीत बोट फिरवी. त्या डबीत मेण असे. मेणाचा गोल ठिपका ती आधी कपाळावर उमटवी, त्यावर चिमटीने कुंकू दाबी आणि सांडलेले कण पदराच्या टोकाने टिपून घेई. ते कुंकू दिवसभर चुलीपुढे, विहिरीवर, उन्हात, घामात जसेच्या तसे राही. मेणावाचून कोरडे कुंकू लावले तर दुपारपर्यंत नाकावर येते, असे ती म्हणे. लेकीच्या पिढीला जे अलीकडेच सापडले आहे ते आजीच्या पेटीत निमूटपणे पडून होते. हे मी लेकीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग मेणच लाव." तिने ते थट्टेने म्हटले होते. मी मात्र लावून पाहिले!

मधमाशीचे मेण आणि खोबरेल एकत्र पातळ करून मी एका रविवारी तो प्रयोग केला. अर्ध्या तासात पापणीवर जे काही झाले त्याचे वर्णन न करणेच बरे. नंतर विचार करता चूक ध्यानात आली. तेलाने तेल अडत नाही, उलट रंग त्यात विरघळून आणखी वाहतो. आणि मुख्य म्हणजे कपाळ मिटत नाही. आजीचे मेण ज्या जागेसाठी होते ती जागा स्थिर होती.

मग बाजार. गरियाहाटच्या एका दुकानात जेमतेम विशीतली एक मुलगी होती. तिने मला 'माशिमा' म्हणून हाक मारली आणि माझ्या हाताच्या पाठीवर एकामागून एक नमुने चोळले. हाताच्या पाठीवर सगळेच उत्तम दिसतात, ही पहिली शिकवण मला तिथे मिळाली. तीही दोन नळ्या विकत घेऊन घरी आल्यानंतर. पहिली नळी दाट, कातडीच्या रंगाची होती. ती लावल्यावर पापणी गुळगुळीत दिसली खरी, परंतु दुपारपर्यंत वैशाखातल्या तळ्याच्या तळासारख्या तिला भेगा पडल्या. सुकलेल्या जाड थराला घडी सोसत नाही. दुसरी नळी 'वाढत्या वयाच्या कोरड्या त्वचेसाठी' म्हणून मुद्दाम घेतली होती. तिच्यात इतका स्निग्धांश होता की ती माझ्या मेणाचीच धाकटी बहीण निघाली. या नळ्यांची किंमत मी इथे सांगत नाही. ज्यांनी आयुष्यभर इतरांची बिले तपासली त्यांनी स्वतःच्या अशा खर्चाची वाच्यता करू नये.

तिसऱ्या वेळी मी शहाणी झाले होते. डबीवरची बारीक अक्षरे वाचण्यासाठी भिंग घेऊनच गेले. जमला तो प्रायमर पातळ, जवळजवळ पारदर्शक आणि सिलिकोनवर आधारलेला होता. अशा प्रायमरमध्ये एक सिलिकोन उडून जाणारे असते आणि दुसरे मागे राहणारे. पहिले मिनिटा-दोन मिनिटांत हवेत निघून जाते, दुसऱ्याचा लवचीक पापुद्रा कातडीवर राहतो. तो पापुद्रा पापणीबरोबर घडतो आणि उलगडतो. पण त्याचे सारे गुण त्याच्या प्रमाणात आहेत. साबुदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा दोन्ही पापण्यांना मिळून पुरतो. तो अनामिकेने हलकेच थापायचा. चोळायचा नाही, कारण चोळले की सैल कातडी बोटाबरोबर सरकते आणि नेमक्या घडीतच तो साठतो. मग थांबायचे. हे थांबणे मला सर्वांत अवघड गेले. सकाळी साडेआठला, दारात गाडी उभी असताना, मिनिटभर डोळे मिटून स्वस्थ बसणे म्हणजे काय हे चाकरमान्यांना सांगायला नको.

आणखी एक गंमत. या वयात डोळ्याला काही लावायचे तर चष्मा लागतो आणि चष्मा घातला की डोळ्यापर्यंत बोट पोचत नाही. यावर मोठे दिसणारे गोल आरसे मिळतात. पहिल्या दिवशी त्या आरशात मी माझा डोळा पाहिला आणि चांगलीच दचकले.

रंगाच्या बाबतीत त्या दुकानातल्या मुलीने एक सल्ला अचूक दिला होता. चमकणारा रंग नको, त्याने सुरकुत्या उठून दिसतात. साधा, मातीसारखा घ्या, असे ती म्हणाली होती. मला त्या सल्ल्याला दुसरेही कारण होते. चमकत्या रंगाच्या डबीवर भिंगातून मी 'माइका' हा शब्द वाचला होता. माइका म्हणजे अभ्रक. १९९३ साली मी रांचीला होते आणि कामानिमित्त कोडरम्याला जाणे झाले होते. कोडरमा तेव्हा हजारीबाग जिल्ह्यात आणि बिहार राज्यात होते. १९९४ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला आणि २००० सालापासून झारखंडात आहे. दुसऱ्या महायुद्धात विजेच्या यंत्रांसाठी जगाला लागणारे उत्तम अभ्रक तिथून जाई. मी गेले तेव्हा खाणी बहुतेक बंद पडल्या होत्या. राहिलेल्या ढिगाऱ्यांवर बायका आणि मुले टोपल्या घेऊन बसली होती आणि फेकलेल्या मातीतून अभ्रकाचे कपचे वेचीत होती. त्या कपच्यांना तिकडे 'ढिबरा' म्हणतात. एका सहा-सात वर्षांच्या मुलीच्या पापण्या, केस, गाल सगळे उन्हात लखलखत होते. तिने डोळे चोळले तशी ती लखलख आणखी पसरली. त्या वेळी मला ते दृश्य सुंदर वाटले होते, हे मी आज कबूल करते. मी बिनचमकीचा रंग घेतला. त्याने कोडरम्यात काही फरक पडला असेल असे मी म्हणत नाही. शिवाय अभ्रक बिनचमकीच्या रंगातही पुष्कळदा असते, हे भिंगाने मला घरी आल्यावर सांगितले.

मधल्या काळात डाव्या पापणीची घडी उजवीपेक्षा खाली आल्यासारखी वाटली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी पट्टीने मोजले. पापणीची कातडी सैल होणे वेगळे आणि पापणी उचलणारा स्नायू सैल पडणे वेगळे, हे त्यांनी समजावले. अचानक पापणी पडली किंवा एकाचे दोन दिसू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नका, असे बजावले. माझे दुखणे वयाचेच होते.

आता काजळ सोडल्याची गोष्ट. हे गेले ते २०२२च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि महाराष्ट्र शासनाने लागलीच परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे म्हणून सुचविले होते. माझे कुंकू कोणी पुसले नाही. टिकली मी स्वतःच ठेवली आणि कोणी काही म्हटलेही नाही. पण काजळाची डबी मात्र आपोआप मागे पडली. मी सकाळी आरशापुढे बसले की हे वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारीत, "आज कोणत्या फाइलीवर नजर आहे?" पस्तीस वर्षांत त्यांना दुसरा विनोद सुचला नाही. तो विचारणारे कोणी नसताना डोळे रेखायचे कशाला, असे मला सात-आठ महिने वाटत राहिले. मग एका सकाळी डबी उघडली आणि पाहते तो पापणी निराळी. मी पाहत नव्हते त्या महिन्यांत ती म्हातारी झाली होती.

माझी आई मात्र वेगळ्या काळातली. १९७८ साली वडील गेले तेव्हा ती अडतीस वर्षांची होती, मी तेरा. तेराव्या दिवसानंतर फणेरपेटी माळ्यावर गेली. आजी तोवर हयात नव्हती. पेटी आईच वापरीत असे. त्यातल्या मेणाचे काय झाले हे मी कधी विचारले नाही.

डिसेंबरात लेकीचे लग्न पुण्याला झाले. आई वाईहून आली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, दोन्ही मोतीबिंदू काढलेली, नजर माझ्याहून स्वच्छ. मला थोडी धास्ती होती. पहाटे चारला उठून मी तो अर्धा साबुदाणा दोन पापण्यांत वाटला, थांबले, मातकट रंग लावला, काजळ रेखले. समोरच्या आरशात सरळ पाहून, कारण डोळा मिटून रेखले की उघडल्यावर सगळे घडीत गडप होते. अक्षता पडल्या, लेक रडली, जावई रडले, मीही यथास्थित रडले. दुपारी तीनच्या सुमाराला आई जवळ येऊन बसली. तिने माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवले आणि माझ्या पापण्या बराच वेळ निरखल्या.

"मेण बरं बसलंय," ती म्हणाली. "कुठून आणलंस?"

मी कलकत्त्याहून म्हणून सांगितले. तिने किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तरी ती म्हणाली, "बाई गं!" आणि मग जरा वेळाने, पंगतीकडे पाहत, तिने आजीच्या डबीतले मेण पुढे निरांजनाच्या वाती वळून झाल्यावर त्यांच्या टोकांना लावून संपवले, असे सांगितले. वाती चांगल्या ताठ राहायच्या, म्हणाली.