पाहुणे गेले, धूर राहिला

विडी-सिगारेटचा वास खोलीतून कसा घालवायचा, हे मला आता इतक्या जणींनी विचारून झालंय, की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं.

आमची खोली काही लॉजची नव्हे. बारामती-फलटण रस्त्यावरच्या सांगवीत, नीरेकाठच्या उसाच्या पट्ट्यात आमचं घर. अंगणापलीकडे एक खोली आहे, तिला वेगळं दार आणि वेगळी न्हाणी. बारामतीत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील उतरतात; जानेवारीत कृषी विज्ञान केंद्राचं ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं तेव्हा लांबलांबचे शेतकरी येतात. उसाचं बिल ह्यांच्या खात्यावर, दुधाचं सासूबाईंच्या. माझ्या हातात येतं ते या खोलीचं भाडं. त्यामुळे खोलीच्या बाबतीत मी जरा चिकट आहे असं घरचे म्हणतात, म्हणोत बापडे.

मागे तीन महिने ही खोली रस्त्याच्या कामावरच्या एका साहेबांनी घेतली होती. माणूस सज्जन. भाडं एक तारखेला हातात, ‘वहिनी’ म्हटल्याशिवाय बोलणं नाही. पण रोज रात्री दारं-खिडक्या लावून पंख्याखाली सिगारेटी! दोनदा सांगून पाहिलं. ‘हो वहिनी’ म्हणायचे, की पुन्हा तेच. ते गेले आणि आठ दिवसांनी येणाऱ्या पाहुण्यांचा फोन आला. नवरा-बायको आणि नऊ महिन्यांचं रांगतं बाळ. मी दार उघडलं, तर ओल्या राखेसारखा कुबट दर्प तोंडावर आला.

लगेच घरात सल्ले सुरू. जाऊबाईंनी उदबत्तीचा पुडा आणला, ह्यांनी फवाऱ्याची सुगंधी बाटली. मला हे पटेना. उदबत्ती म्हणजे तरी काय, धूरच की! धुरावर धूर घातला की मोगरा आणि सिगारेट यांचं असं लग्न लागतं, की दोन्हीपेक्षा तो तिसरा वास जास्त छळतो.

सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, “अगं, वास हवेत नसतो, भिंतीत असतो. चुलीमागची भिंत कधी खरवडलीस का तू?” त्यांनी चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. काजळी आधी कोरडी खरवडायची, मग धुवायची. आधीच पाणी लावलं की ती पसरते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, “आमच्या धुराला कुणी वास म्हटलं नाही. स्वयंपाक म्हटलं.”

त्यांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. तंबाखूच्या धुरातलं निकोटिन आणि डांबरासारखा चिकट अंश भिंत, पडदे, गादी, लाकूड यांवर बसतो आणि तिथून हळूहळू पुन्हा हवेत येत राहतो. नुसत्या खिडक्या उघडून तो जात नाही. अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१० साली दाखवून दिलं, की असं बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी मिळून नायट्रोसामाइन तयार करतं, आणि त्यातली काही कर्करोगाला कारण होणारी आहेत. मोठी माणसं भिंतीला हात लावून तो तोंडात घालत नाहीत. रांगतं मूल दिवसभर तेच करतं. म्हणजे प्रश्न नुसत्या नाकाचा नव्हता.

पहिल्या दिवशी कापडाचं जे जे होतं ते बाहेर काढलं. पडदे, चादरी, गोधडी, पायपुसणी, सगळं गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवलं. नंतर धुऊन शेवटच्या खळबळण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर. निकोटिन हे अल्कली जातीचं असतं. आंबटाने त्याचा क्षार होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर राहत नाही.

गादी मात्र धुता येत नाही. आमची कापसाची, म्हणून निभावलं. खोळ काढली, तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट केली, काठीने झोडपली, तरी नाक आत खुपसलं की साहेब हजर! शेवटी गादीवाल्याकडून कापूस पिंजून नव्या कापडात भरून घेतली. फोमची असती तर मी टाकूनच दिली असती. वास थोडासाच असेल, तर खाण्याचा सोडा पेरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झाडून काढावा. त्याने बराच फरक पडतो.

भिंतींना दोन दिवस लागले. आमच्याकडे जुन्या पद्धतीने कमरेपर्यंत तेलरंगाचा पट्टा आणि वर चुना. तेलरंग सोपा. कोमट पाण्यात साबणाची पूड घालून पुसायचा, मग एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असा हात फिरवायचा, शेवटी साधं पाणी. पुसताना खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि त्यांचे डाग राहतात. पांढरं फडकं घ्यावं. पहिलं फडकं चहासारखं पिवळट झालं, ते मी ह्यांना मुद्दाम नेऊन दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण सुगंधी बाटली कपाटात गेली.

चुन्याच्या भिंतीला मात्र आंबट लावू नये. चुना फसफसतो आणि सुटतो. तिथे सासूबाईंची रीत. नाकातोंडाला फडकं बांधून पत्र्याने खरवडायचं, धूळ झटकायची आणि नवा चुना द्यायचा. चुना रात्रभर भिजवून गाळला, डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. न खरवडता वरून चुना मारला तर चार दिवसांत पिवळे डाग वर डोकावतात. छताला विसरू नये, धूर वरच जातो. पंख्याच्या वरचा गोल सगळ्यात पिवळा होता.

फरशीचीही तीच गोष्ट. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, व्हिनेगरने तिची चमक कायमची जाते. तिला सोडा आणि साबणाचं पाणी पुरे. आणि एक अगदी जपून: व्हिनेगर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन निघतो, जीवावर बेतू शकतं.

बाकी किरकोळ. पंख्याची पाती, दिव्याची नळी, बटणं, खिडकीची जाळी, दाराची वरची कड. हॉटेलांत ओझोनचं यंत्र लावतात म्हणे. ओझोन फुप्फुसाला त्रास देतो, लहान मुलाच्या खोलीत तो मी आणणार नाही.

पाचव्या दिवशी खिडक्या सताड उघड्या असताना शेजारच्या फडात ऊस तुटून गेला आणि रात्री पाचट पेटलं! सगळी काळी भुरकट आत. धुतलेले पडदे दोरीवर. मी रडायचीच बाकी होते. पण तो वास एका दिवसाच्या वाऱ्याने गेला. तीन महिने रोज बसणारा धूर आणि एका रात्रीचा धूर यांत हा फरक. पाचट जाळण्यापेक्षा कुट्टी करून खोडव्यात ठेवलं तर जमिनीला ओल राहते, हे आमच्याकडच्या पुरुषांना तोंडपाठ आहे. पेटवतात तरी.

वास गेला की नाही हे आपण ठरवू नये. आठ दिवसांत आपलं नाक सरावलेलं असतं. मी शाळेतून आलेल्या पुतणीला आत पाठवलं. “काकू, चुन्याचा वास येतोय,” म्हणाली. मला हवं होतं तेच.

पाटी लावायची म्हटलं तेव्हा हे म्हणाले, “पाहुण्याला असं कसं सांगायचं?” मी म्हटलं, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, तीस खोल्यांच्या हॉटेलला त्यासाठी वेगळी जागा ठेवता येते, आपली तर एकच खोली. सासूबाईंनी निकाल दिला. कडुनिंबाखालचा कट्टा, तिथे वाळू भरलेला डबा, आणि फोनवर खोली ठरवतानाच सांगून टाकायचं. तेव्हापासून एकानेही तोंड वाकडं केलेलं नाही.

बाळाच्या आईने खोलीबद्दल चकार शब्द काढला नाही. आल्या आल्या विचारलं, “ताई, गरम पाणी कुठं मिळेल?” बाळ फरशीवर सुटलं ते थेट भिंतीपाशी गेलं आणि पट्ट्यावर दोन्ही हात टेकून उभं राहिलं.

पुढे जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि दमट हवेत कुठूनसा तोच दर्प पुन्हा. दोन दिवस शोधलं. कपाटाच्या मागचं, भिंतीकडे तोंड केलेलं कोरं प्लायवूड! ते पुसून वाळवलं आणि सुताराकडून आतून-बाहेरून लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. लाखेचा थर वास आत कोंडून धरतो. पॉलिशचा वास जाईपर्यंत मात्र चार दिवस खोली कुणाला दिली नाही.